लेकराचा खडा काढला म्हणजे विषय संपत नाही

आमच्या लातूर-नांदेडकडं मुतखडा कुणाला नवा नाही. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, रानात राबणारा माणूस घाम गाळतो आणि पाणी कमी पितो, त्यामुळं प्रत्येक भावकीत दोघा-तिघांचा तरी खडा दुर्बिणीनं काढलेला असतो. दुखणं इतकं ओळखीचं झालंय की दोन-अडीच वर्षांच्या लेकराला खडा झाला हे ऐकूनही कुणी दचकत नाही. खरं तर तिथं दचकलंच पाहिजे. हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

मी अहमदपूरला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. माझं माहेर कंधारचं. माझ्या मुलाला ‘प्रायमरी हायपरऑक्झलुरिया टाइप वन’ हा जन्मजात आजार आहे. यकृतातलं एक एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर, त्याच्या शरीरात नीट काम करत नाही आणि त्यामुळं मूत्रपिंडात खडे होत राहतात. युरोपातल्या पाहणीत दहा लाख लोकांमागे एक ते तीन रुग्ण सापडतात, इतका हा आजार विरळ. नात्यात लग्नं होणाऱ्या समाजांत तो जास्त दिसतो. आमच्याबद्दल ऐकून उदगीर, मुखेड, निलंगा, देगलूर अशा ठिकाणांहून आईबाप फोन करतात. सगळ्यांच्या लेकरांना हाच आजार असतो असं नाही, पण प्रश्न तेच असतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळं औषधाचं प्रमाण सांगणार नाही. एका आईला जे कळलं, तेवढं क्रमानं सांगते.

१. लेकराचा खडा मोठ्या माणसाच्या खड्यासारखा धरू नका

मुलगा लघवी करताना रडायचा. एप्रिलचा महिना होता. शेजारच्या बायका म्हणाल्या, उन्हाळी लागली असेल, सब्जा भिजवून दे, धन्या-जिऱ्याचं पाणी दे. दिलं. मग एक दिवस चड्डीला गुलाबी डाग दिसला. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत खडे निघाले, आणि रिपोर्टच्या शेवटी एक शब्द होता: नेफ्रोकॅल्सिनोसिस. म्हणजे खडे नुसते पोकळीत नव्हते, मूत्रपिंडाच्या मांसातही कॅल्शियमचे कण साचलेले होते. खडे काढायची तारीख लगेच ठरली. त्या शेवटच्या शब्दाबद्दल मात्र तिथं कुणी काही बोललं नाही.

मोठ्या माणसाच्या खड्याला ऊन, कमी पाणी, खाणंपिणं ही कारणं बहुतेक वेळा पुरतात. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला ती पुरत नाहीत. तिथं शरीराच्या घडणीत किंवा रसायनात काही बिघाड आहे का, हे शोधावंच लागतं. दोन्ही बाजूंना खडे असतील, काढल्यावर पुन्हा झाले असतील, मांसात कॅल्शियम दिसत असेल, लेकराची वाढ खुंटली असेल, घरात आणखी कुणाला लहानपणी खडे झाले असतील, आईबाप एकमेकांच्या नात्यातले असतील, तर यातली एकच गोष्टसुद्धा पुढच्या तपासणीला पुरेशी आहे. आमच्या घरी यातल्या बऱ्याच होत्या.

२. काढलेला खडा तपासायला पाठवा

आमच्याकडं खडा काढला की तो बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात. बाटली घरी येते, येणारा-जाणारा ती उजेडाला धरून बघतो, ‘एवढा मोठा होता का’ म्हणतो, आणि मग ती कपाटात जाते. आमचीही तशीच आली होती. पण त्या बाटलीत निदान असतं. खडा धुऊन, कोरडा करून प्रयोगशाळेत दिला की इन्फ्रारेड किरणांच्या तपासणीनं तो कशाचा बनलाय हे कळतं.

हे कळल्यानं काय होतं? सगळं होतं. सोनोग्राफीत सगळे खडे एकसारखेच पांढरे दिसतात, पण आतून ते वेगळे असतात. आमच्या मुलाचा शुद्ध कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. दुसऱ्या एखाद्या लेकराचा ‘२,८-डायहायड्रॉक्सीअ‍ॅडेनिन’ या पदार्थाचा निघू शकतो. तो एपीआरटी नावाच्या विकराच्या कमतरतेनं होतो. साध्या एक्स-रेत तो दिसत नाही, त्यामुळं युरिक अ‍ॅसिडचा खडा समजून चुकीच्या वाटेनं उपचार होतात. नीट निदान झालं तर मात्र अ‍ॅलोप्युरिनॉल ही जुनी, स्वस्त गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेऊन मूत्रपिंड वाचतं. झँथिनचा खडा असेल तर रक्तातलं युरिक अ‍ॅसिड अगदी खाली गेलेलं असतं, आणि ते बघायला एक साधी रक्ततपासणी पुरते. सिस्टिनच्या खड्यात दोष विकराचा नसतो, मूत्रपिंडातून सिस्टिन परत शोषून घेण्याच्या वाटेतला असतो. त्याचे षट्कोनी स्फटिक लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली कुणालाही ओळखता येतात. मी नववीच्या मुलांना त्याचं चित्र दाखवते.

शस्त्रक्रियेच्या आधीच सांगून ठेवा: खडा आम्हाला द्या, तपासायचाय.

३. लघवीची तपासणी नीट करून घेणं ही निम्मी लढाई

या आजाराची पहिली खरी खूण लघवीत सापडते. चोवीस तासांच्या लघवीत ऑक्झलेट किती गेलं, ते मोजतात. प्रौढाएवढ्या शरीराच्या, म्हणजे १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या हिशेबानं ४५ मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात. या आजारात ते बहुतेकदा दुप्पट किंवा त्याहूनही जास्त निघतं.

ऐकायला सोपं आहे. अडीच वर्षांच्या पोराची चोवीस तासांची लघवी गोळा करून पाहा! एक वेळ जरी निसटली तरी हिशेब चुकतो. प्रयोगशाळेच्या बाटलीत अ‍ॅसिड घातलेलं असतं, ते लेकराच्या हाताला लागू द्यायचं नाही. म्हणून लहान मुलांत एका वेळच्या लघवीतलं ऑक्झलेट आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढतात. मात्र हे गुणोत्तर वयाप्रमाणं बदलतं. तान्ह्या बाळाचं निसर्गतःच खूप जास्त असतं आणि वाढत्या वयाबरोबर खाली येतं. रिपोर्टवर छापलेली कक्षा बऱ्याचदा मोठ्या माणसाची असते, म्हणून रिपोर्ट बालमूत्रपिंडतज्ज्ञाकडूनच वाचून घ्यावा. नांदेडला काय, लातूरला काय, नमुना इथं घेतात आणि बाहेर पाठवतात. कुठं जातो, किती दिवसांत येतो, बाटलीत अ‍ॅसिड घातलंय का, हे विचारायला लाजू नका. तपासणीच्या आधी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण शरीरात त्याचंही ऑक्झलेट होतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मूत्रपिंड निकामी व्हायला लागलं की लघवीतलं ऑक्झलेट उलट कमी दिसू लागतं, कारण ते बाहेरच पडत नाही. तिथं रक्तातलं ऑक्झलेट बघावं लागतं. कमी आकडा पाहून निर्धास्त झालेलं एक कुटुंब मला माहीत आहे.

शेवटचा शब्द जनुक तपासणीचा. या आजाराचे तीन प्रकार आहेत. पहिला सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात कडक असतो. कोणता प्रकार आहे त्यावर औषध ठरतं, म्हणून ही तपासणी टाळू नये.

४. बिघाड यकृतात, भोगतं मूत्रपिंड

हे मला मुंबईत परळला एका तरुण डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा कागदावर काढून दाखवलं, आणि विज्ञान शिकवत असूनही मी ते थक्क होऊन पाहत राहिले. यकृताच्या पेशीत पेरॉक्सिझोम नावाचे बारीक कप्पे असतात. तिथं ‘एजीटी’ नावाचं विकर ग्लायऑक्झिलेट या पदार्थाचं ग्लायसिन करतं. ग्लायसिन निरुपद्रवी असतं. हे विकर नसलं, किंवा पेशीत चुकीच्या जागी जाऊन बसलं, तर ग्लायऑक्झिलेटचं ऑक्झलेट होतं. माणसाच्या शरीराला ऑक्झलेट मोडता येत नाही. मूत्रपिंडातून बाहेर टाकणं एवढाच मार्ग उरतो, आणि तिथं कॅल्शियम भेटलं की दोघांचे न विरघळणारे स्फटिक होतात. मूत्रपिंड थकलं की हेच ऑक्झलेट हाडांत, डोळ्यांत, हृदयात जाऊन बसतं.

लहान मुलातलं असं प्रकरण १९२५ मध्ये लेपूत्र या फ्रेंच डॉक्टरनं पहिल्यांदा नोंदवलं. नेमकं कोणतं विकर कमी पडतं हे लंडनमध्ये डॅनप्युअर आणि जेनिंग्ज यांना कळायला १९८६ साल उजाडलं. मधल्या साठ वर्षांत किती आयांनी स्वतःच्या हातच्या स्वयंपाकाला दोष दिला असेल!

या विकराला कामाला व्हिटॅमिन बी-६ लागतं. काही जनुकदोषांत डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत बी-६ दिलं की उरलंसुरलं विकर जोर धरतं आणि ऑक्झलेट उतरतं. आमच्या मुलाचं बरंच उतरलं. सगळ्यांचं उतरत नाही. ही गोळी कुठल्याही मेडिकलवर मिळते म्हणून स्वतःहून सुरू करू नये, मात्रा फार झाली तर नसांना इजा होते. जोडीला पोटॅशियम सायट्रेटचं औषध असतं. त्याची चव लेकरांना अजिबात आवडत नाही. ते देताना घरातलं एक तरी माणूस न चिडणारं असावं.

यकृतातलं कारण समजलं की एक मोठी फसगत टळते. मूत्रपिंड पूर्ण गेल्यावर नुसतं मूत्रपिंड बदललं तर जुनं यकृत नव्या मूत्रपिंडाचीही तीच गत करतं. म्हणून बी-६ला दाद न देणाऱ्या रुग्णांत वर्षानुवर्षं यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बदलावी लागली. प्रत्यारोपणाची गोष्ट निघाली तर निदान पक्कं झालंय का, हा प्रश्न आधी विचारा.

५. पालक-टोमॅटोवर खापर फोडू नका, आणि दूध बंद करू नका

खडा म्हटलं की आपल्याकडं पहिल्यांदा ताटाकडं बोट जातं. टोमॅटोचं बी, वांग्याचं बी, पालक, चुका, अंबाडी. आमच्या घरी महिनाभर या भाज्या आल्याच नाहीत. त्यातून फरक पडला नाही, कारण या आजारात ऑक्झलेट बहुतांश यकृत स्वतः तयार करतं. पालक, राजगिरा, चॉकलेट, कडक चहा अशा जास्त ऑक्झलेटच्या वस्तू हात राखून द्याव्यात, एवढं पुरे. वाढत्या लेकराला अर्धपोटी ठेवण्यात काही शहाणपण नाही.

दुधाचं तर मला फार वाईट वाटतं. ‘खडा कॅल्शियमचा आहे ना, मग दूध बंद’ हे ऐकून कितीतरी घरांत लेकराचा पेला हिरावला जातो. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून शौचावाटे बाहेर नेतं. दूध तोडलं तर अन्नातलं ऑक्झलेट उलट जास्त शोषलं जातं, वर हाडं कच्ची राहतात ती वेगळीच.

हुलग्याचं कढण आणि पानफुटीची पानं यांबद्दल प्रत्येक फोनवर विचारतात. हुलगे हे आपलं चांगलं धान्य आहे. डॉक्टर नको म्हणत नसतील तर कढण प्यावं, तेवढंच पोटात पाणी जातं. पण कुठलंही कढण यकृतातलं विकर दुरुस्त करत नाही. त्याच्या भरवशावर सहा महिने काढले तर ते सहा महिने मूत्रपिंडाच्या आयुष्यातून वजा होतात. ‘खडा विरघळवून देतो’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: नवा खडा होऊ नये म्हणून काय कराल?

६. पाणी हे औषध आहे, आणि ते रात्रीही द्यायचं असतं

सहावीच्या वर्गात मी मिठाचं पाणी उकळून आटवून दाखवते. पाणी आटलं की तळाशी मिठाचे दाणे दिसतात. मूत्रपिंडात हेच घडू द्यायचं नसतं. ऑक्झलेट तयार होणं थांबवता येत नसेल तर ते इतक्या पाण्यात सोडायचं की त्याचे स्फटिकच होऊ नयेत. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे दिवसाला दोन ते तीन लिटर, असं प्रमाण डॉक्टर सांगतात. बारा किलोच्या लेकरासाठी ते साधारण एक ते दीड लिटर होतं. यकृत रात्री झोपत नाही, त्यामुळं पाणीही चोवीस तासांत विभागून द्यावं लागतं. तान्ह्या बाळांना तर नाकातून किंवा पोटातून नळी घालून देतात. मूत्रपिंड कमजोर झालं असेल तर मात्र हे प्रमाण बदलतं, तिथं डॉक्टर सांगतील तेवढंच.

हे सगळं लातूर जिल्ह्यात करायचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आलं, ते देशानं टीव्हीवर पाहिलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पहिल्या फेरीत दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं, आणि शहराला त्या पाण्यावर दिवस काढावे लागले. ज्या भागात बाईचा निम्मा जीव घागरी मोजण्यात जातो, तिथं एका लेकरासाठी ‘पाणी भरपूर प्या’ ही चिठ्ठीवरची ओळ किती जड असते, हे मी जगून पाहिलंय. आमच्या घरात नियम झाला: पाण्याची ओढ असली तरी पोराची बाटली आधी भरायची, भांडी नंतर. टंचाईच्या आराखड्यात दवाखान्यांचा विचार होतो, तसा अशा रुग्णांच्या घरांचाही व्हावा. ग्रामसेवकाला, नगरपालिकेला डॉक्टरांचं पत्र दाखवून टँकरचं पाणी मागायला संकोच करू नका.

बोअरचं पाणी जड आहे, त्यानंच खडे झाले, असंही फार ऐकलं. मोठ्यांच्या बाबतीत काय ते तज्ज्ञ सांगतील, या आजाराचं कारण ते नाही. स्वच्छ असेल ते पाणी द्या, पण द्या. जारचं पाणी परवडत नाही म्हणून लेकरू तहानलेलं राहणं सगळ्यात वाईट.

रात्री अलार्म लावून उठवायचं, अर्धा पेला पाजायचा, लघवीला न्यायचं. गादीवर मेणकापड कायमचं. लेकरानं अंथरूण ओलं केलं तर रागवायचं नाही. त्याची लघवी भरपूर होतेय, ही आपल्यासाठी चांगली बातमी असते.

७. जुलाब-उलट्या झाल्या तर वाट पाहू नका

पोटात पाणी टिकत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन सलाइन लावून घ्यायचं. ‘सकाळपर्यंत बघू’ हे या लेकरांना चालत नाही. आजाराचं नाव, चालू औषधं आणि तज्ज्ञांचा नंबर लिहिलेला कागद घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या खिशात हवा. लग्नसराईत, उन्हात, प्रवासात तर हवाच हवा.

८. ‘कुणाकडून आलं?’ याचं उत्तर शोधा, पण भांडायला नको

सगळ्यात जास्त मी याच गोष्टीवर बोलते, कारण घरं इथंच मोडतात.

माझी सासू माझी सख्खी आत्या. म्हणजे नवऱ्याला मी मामाची मुलगी. आमच्याकडं हे नातं हक्काचं मानतात, आणि त्यात मायाही असते. बाळंतपणात माझं जितकं आत्यानं केलं तितकं कुणी केलं नसतं. पण जनुकदोष आहे असं कळलं त्या दिवशी आत्या म्हणाली, “आमच्या घरात असलं काही नव्हतं.” माझी आई म्हणाली, “आमच्याकडंबी नव्हतं.” दोघी एकमेकींकडं न बघता बोलत होत्या.

जनुकांविषयी सल्ला देणाऱ्या समुपदेशक बाईंनी मोठा कागद घेतला आणि आमची वंशावळ काढायला सुरुवात केली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. काढता काढता दोन्ही घरं वर जाऊन एकाच जोडप्याला मिळाली. माझे आजोबा-आजी तेच नवऱ्याचे आजोबा-आजी. माझं घर आणि त्याचं घर हा भेद त्या कागदावर उरलाच नाही.

गणित असं आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत असतो, त्याला कधीच कळत नाही. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या तरच आजार. आजोबा किंवा आजी, कुणा एकाकडं बिघडलेली प्रत असेल, तर ती त्यांच्या प्रत्येक अपत्याकडं जाण्याची शक्यता निम्मी, तिथून नातवंडाकडं पुन्हा निम्मी. दोन आते-मामेभावंडांकडं ती एकाच वेळी पोचण्याची शक्यता सोळात एक. त्या दोघांनी लग्न केलं तर प्रत्येक मुलात आजाराची शक्यता चारात एक. एकूण चौसष्टात एक. हाच आजार परक्या घरच्या जोडप्याच्या मुलाला होण्याची शक्यता लाखांच्या हिशेबात मोजतात.

ही गोष्ट फक्त मराठवाड्याची नाही. आर्किबाल्ड गॅरॉड या इंग्लिश डॉक्टरनं १९०२ मध्येच लिहून ठेवलंय की अल्काप्टोन्युरिया या लघवी काळी पाडणाऱ्या जन्मजात आजाराच्या बऱ्याच मुलांचे आईबाप सख्ख्या भावंडांची मुलं असतात. आणि मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांनी १९५२ मध्ये जगापुढं आणलेला ‘बॉम्बे’ रक्तगट, तोही एका विकराच्या अभावाचाच परिणाम. दोन्ही प्रती सदोष मिळाल्या तरच तो होतो. त्या माणसांना एरवी काही होत नाही, रक्त घ्यायची वेळ आली तरच अडचण येते. निसर्गाची तीच चूक, कुणाच्या वाट्याला हलकी येते, कुणाच्या वाट्याला जड. यात पाप कुणाचंच नाही.

त्या कागदावर आमची सगळी माणसं कुणी भरली? आत्यानं. कुणाला किती लेकरं झाली, कोणतं दगावलं, कशानं दगावलं, हे तिच्याशिवाय कुणालाच आठवत नव्हतं. तिच्या आठवणीतून चुलत घराण्यातलं एक लेकरू निघालं, ‘लघवी बंद होऊन’ गेलेलं. ते याच आजारानं गेलं असं आज कुणी सांगू शकत नाही. पण तेव्हापासून ‘आमच्याकडं नव्हतं’ हे वाक्य आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

घरोघरी जाऊन मी मामाच्या मुलीशी लग्न करू नका असं सांगत नाही. मात्र ज्या कुळात असा आजार एकदा सापडला, तिथं पुढचं नात्यातलं लग्न जुळवण्याआधी मुलाची आणि मुलीची जनुक तपासणी करावी, हे मी ठामपणे सांगते. दोष माहीत असेल तर पुढच्या गरोदरपणात नोंदणीकृत केंद्रात गर्भाचीही तपासणी होऊ शकते. आमच्या भावकीत आता पत्रिकेआधी हा विषय निघतो, आणि तो काढणारी माझी आत्या असते.

९. शाळेला लेखी कळवा

वर्गात पाण्याची बाटली बाकावर ठेवायची परवानगी, आणि लघवीला जाण्यासाठी हात वर करून थांबायला लागू नये, एवढंच मागायचं असतं. मी स्वतः शिक्षिका आहे म्हणून सांगते, तोंडी सांगितलेलं वर्गशिक्षक बदलले की विसरलं जातं. डॉक्टरांच्या पत्राची प्रत मुख्याध्यापकांकडं दर जूनमध्ये द्या. शाळेचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नसेल तर लेकरं पाणी पिणंच सोडतात, मुली तर हमखास सोडतात. हा प्रश्न शालेय व्यवस्थापन समितीत मांडा. त्याचा फायदा सगळ्याच मुलांना होतो.

१०. पैशाची वाट आधी विचारून ठेवा

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया होतात, त्याचा आधार मोठा आहे. निदानाचा, जनुक तपासणीचा, मुंबई-हैदराबादच्या येण्याजाण्याचा खर्च मात्र घरावरच पडतो. केंद्राचं दुर्मीळ आजारांविषयीचं धोरण २०२१ मध्ये आलं. २०२२ पासून त्यातल्या मदतीची कमाल मर्यादा ५० लाख रुपये आहे. ही मदत ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फतच मिळते. आपल्याला जवळची म्हणजे मुंबईचं केईएम रुग्णालय आणि हैदराबादचं सीडीएफडी, ते निम्स रुग्णालयाच्या जोडीनं काम करतं. तुमच्या लेकराचा आजार धोरणाच्या कोणत्या गटात बसतो हे तिथंच विचारा आणि नोंद करून घ्या.

नव्या औषधांबद्दलही माहीत असू द्या. लुमासिरान या इंजेक्शनला नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपात आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. यकृतात ग्लायऑक्झिलेट जिथून येतं, त्या आधीच्या पायरीवरचं विकर ते तयारच होऊ देत नाही, त्यामुळं ऑक्झलेट कमी बनतं. २०२३ मध्ये अमेरिकेनं नेडोसिरान या दुसऱ्या औषधाला मान्यता दिली. अनेक मुलांचं यकृत बदलण्याचं संकट यामुळं टळू शकतं. पण या इंजेक्शनांची किंमत शिक्षकाच्या काय, डॉक्टरांच्या पगारातही बसणारी नाही. ही औषधं इथल्या गरीब लेकराला मिळावीत, यासाठी सरकारनं कंपन्यांशी बोलावं, ही माझी मागणी आहे. एकटी आई ती मागू शकत नाही. आम्हा सगळ्या घरांची नोंद झाली, आकडा दिसला, तरच ती ऐकली जाईल. म्हणून निदान झालेल्या प्रत्येकानं केंद्रात नाव नोंदवावं.

११. धाकट्या भावंडाला तपासा, त्याला काही होत नसलं तरी

मुलाचं निदान झालं तेव्हा मुलगी कुशीत होती. अंगावर पिणारी, हसरी, वजन छान. तिला तपासायचं म्हटल्यावर घरात सगळ्यांनी नको म्हटलं. चांगल्या लेकराला कशाला सुया टोचायच्या? मी आणि नवऱ्यानं ऐकलं नाही. तिचाही रिपोर्ट तोच आला, दोन्ही प्रती सदोष. खडा मात्र तोवर एकही झालेला नव्हता.

बी-६ आणि पाणी तिला दात यायच्या आधी सुरू झालं. आज ती तिसरीत आहे. दरवर्षी सोनोग्राफी होते, मूत्रपिंडं स्वच्छ आहेत, रक्तातलं क्रिएटिनिन वयाप्रमाणं बरोबर आहे. तिच्या भावाच्या एका मूत्रपिंडाचं काम मात्र कायमचं कमी झालंय, कारण त्याचा आजार खडे झाल्यावर कळला. आजार एकच, जनुक एकच, औषध एकच. फरक फक्त कळण्याच्या वेळेचा.

तुमच्या घरात, गल्लीत, वर्गात किंवा अंगणवाडीत पाच वर्षांच्या आतल्या कुठल्याही लेकराचा खडा काढला असेल, तर त्याच्या आईबापाला आजच सांगा: खडा तपासा, लघवीतलं ऑक्झलेट तपासा, आणि त्या लेकराच्या सगळ्या भावंडांनाही तपासा.